बूट मेनूत साचलेले जुने कर्नल

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर हवा. कामोठ्यातल्या घरांत, क्लासेसमध्ये, झेरॉक्सच्या दुकानांत जे लॅपटॉप आणि सीपीयू अजून कामाला आहेत, त्यांतले बरेचसे या अटींत बसत नाहीत. फेकायला जीव होत नाही आणि नव्याचं बजेट नाही. मग रिपेअरवाला सांगतो, ‘लिनक्स मिंट टाकून देतो, काढेल अजून चार वर्षं.’ मशीन खरंच चालतं. पहिले काही महिने कुणाची तक्रार नसते. मग एखाद्या दिवशी मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर मेनू दिसतो, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’वर कुणीतरी एंटर मारतं आणि आत ओळींची रांग उघडते. ६.८.० च्या पुढे वेगवेगळे आकडे, आणि प्रत्येकाच्या खाली त्याचीच रिकव्हरी मोडची ओळ. ‘हे काय भरलंय आत? काढून टाकू का?’

हा प्रश्न नवा नाही. हौशी लोकांनी घरच्या मशीनवर लिनक्स टाकायला सुरुवात केली तेव्हापासून तो आहे, आणि त्याची उत्तरंही ढीगभर आहेत. कुणी सांगतं फाइल उघडून ओळी खोडा, कुणी अमुक सॉफ्टवेअर घ्यायला सांगतं, कुणी म्हणतं हातच लावू नका. ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर दिसतं की बहुतेकांची नजर मेनूवर खिळलेली आहे. या सगळ्या प्रकरणात मेनूइतकं निरुपद्रवी दुसरं काही नाही.

ती ओळ नेमकी कशाची असते, ते आधी पाहू. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रोसेसर, मेमरी, डिस्क, वाय-फाय यांच्याशी थेट बोलणारा भाग. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिहायला घेतला तो हाच. बाकीचं सगळं त्याच्याभोवती जमत गेलं. लिनक्सच्या उबुंटू किंवा मिंट या प्रकारांत नवा कर्नल आला की ‘बूट’ फोल्डरात त्याच्या चार फाइली पडतात. व्हीएमलिनझ हा प्रत्यक्ष कर्नल, पंधराएक एमबीचा. इनिटआरडी म्हणजे मुख्य डिस्क वाचता येण्याआधी लागणारं सामान. ही फाइल साठ-सत्तर एमबीची, कधी त्याच्या दुप्पट. सिस्टिम-मॅप आणि कॉन्फिग या दोन किरकोळ. शिवाय ‘लिब’ फोल्डरात त्या कर्नलचे ड्रायव्हर असतात, तेही काहीशे एमबीचे, आणि हेडर फाइली आणखी वेगळ्या. सगळं धरलं तर एक जुना कर्नल अर्ध्या जीबीच्या आसपास जागा धरून बसतो.

मेनू दाखवणारा ग्रब हा बूटलोडर यातलं काहीच साठवत नाही. ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा चालली की ती बूट फोल्डर चाळते आणि जितके कर्नल सापडतील तितक्या ओळी लिहून मोकळी होते. हा मेनू म्हणजे सोसायटीच्या लॉबीतली नावांची पाटी. पाटीवरचं नाव खरवडलं म्हणून फ्लॅट रिकामा होत नाही. उलट फ्लॅट रिकामा झाला की पाटी बदलायला सेक्रेटरीच्या मागे लागावं लागत नाही, निदान इथे तरी.

मग हे साचतं कशामुळे? ब्राउझर अपडेट झाला की जुना जातो आणि त्याच्या जागी नवा बसतो. कर्नलचं तसं होत नाही. डेबियन आणि उबुंटूच्या घराण्यात कर्नलच्या पॅकेजच्या नावातच आवृत्तीचा आकडा गोवलेला असतो. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या-काढणाऱ्या पॅकेज मॅनेजरच्या दृष्टीने पुढचा आकडा म्हणजे वेगळंच पॅकेज. तो आधीच्याच्या जागी येत नाही, त्याच्या शेजारी येऊन बसतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या घेऊन उबुंटूत तीन-चार आठवड्यांनी नवा कर्नल येतो. आवराआवर झाली नाही तर वर्षभरात डझनभर जमायला काहीच लागत नाही.

ही रचना आळसातून आलेली नाही. कर्नलचा नवा अवतार बिघडला तर तो दुरुस्त करायला मशीन चालू व्हायला हवं, आणि मशीन चालू व्हायला कर्नल हवा. म्हणून जुना ठेवायचा. याचा अनुभव सगळ्यांत जास्त येतो तो वाय-फायवर. काही ब्रॉडकॉम कार्डांचा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाही. एन्विडियाच्या ग्राफिक्सचंही बरेचदा तसंच. प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो मशीनवरच पुन्हा बांधला जातो, आणि हे काम डीकेएमएस नावाची यंत्रणा पाठीमागे गुपचूप करते. कधी तिला हेडर सापडत नाहीत, कधी जुना ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळत नाही. सकाळी मशीन उघडलं तर वाय-फायचं चिन्हच गायब. अशा वेळी मेनूतल्या दुसऱ्या ओळीवर जाऊन एंटर मारला की कालचा कर्नल कालच्यासारखा चालतो आणि दिवस वाया जात नाही. पावसाळ्यात अपडेट चालू असताना लाइट गेली आणि इनिटआरडी अर्धवट लिहिली गेली, तरी तारणारी ओळ तीच.

आवराआवरीचा इतिहास मात्र गमतीचा आहे. पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सची सीडी यायची आणि तिच्यावरून रेड हॅट टाकून पाहायची चढाओढ असायची, त्या काळात बूटलोडर होता लिलो. लिलोची यादी हाताने लिहावी लागे आणि प्रत्येक बदलानंतर ‘लिलो’ ही आज्ञा पुन्हा चालवावी लागे. विसरलात तर मशीन उठत नसे. पण अडगळ साचत नसे, कारण तुमच्याशिवाय त्या यादीत कुणी लिहीतच नव्हतं. मग ग्रब आला. २००३ मध्ये ‘लिनक्स फॉर यू’ मासिक सुरू झालं, पुढे उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी त्याच्या सीडी फुकट घरपोच पाठवू लागली (हा उदारपणा २०११ पर्यंत टिकला), आणि सिस्टिम स्वतःहून कर्नल आणून स्वतःच यादीत लिहू लागली. यादी लांबायला लागली ती तिथपासून.

जुन्या ग्रबच्या ‘मेनू डॉट एलएसटी’ फाइलीत यावर एक छान सोय होती. ‘हाउमेनी’ नावाची सेटिंग. मुळात ती ‘ऑल’वर असे, तिथे दोन किंवा तीन लिहिलं की तेवढेच कर्नल मेनूत दिसत. गोम अशी की त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह असे आणि ते तसंच ठेवावं लागे. एरवी हॅश म्हणजे ‘ही ओळ वाचू नका’. इथे मात्र अपडेट-ग्रब ती हॅशसकटच वाचत असे. शहाणा माणूस हॅश काढायचा आणि सेटिंग बंद पडायची. ऑक्टोबर २००९ च्या उबुंटू ९.१० मध्ये ग्रब २ आला आणि हाउमेनी इतिहासजमा झाली. नव्या ग्रबच्या फाइलीच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं की हिला हात लावू नका. तरी लोक लावतात, ओळी खोडतात, आणि पुढचा कर्नल आला की सगळ्या ओळी परत हजर होतात.

मग २०११-१२ च्या सुमारास उबुंटूने जुने कर्नल उपमेनूत ढकलले. पहिल्या पडद्यावर एकच ओळ, बाकी सगळं ‘अॅडव्हान्स्ड’च्या आड. दिसायला सुटसुटीत झालं आणि तक्रारी कमी झाल्या. माझ्या मते या एका सुधारणेने फायद्याइतकंच नुकसान केलं. अडगळ डोळ्यांआड गेली, पण डिस्कवर होती तिथेच राहिली, आणि फुगत राहिली.

खरा त्रास तिथून निघाला. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडला तर बूटचं वेगळं पार्टिशन होतं, आणि तेव्हाच्या उबुंटूत ते जेमतेम अडीचशे एमबीचं असे. तेव्हाचे इनिटआरडी लहान होते, तरी काही महिन्यांत ते भरून जाई. नंतरच्या इन्स्टॉलरांनी ते वाढवत वाढवत जीबी-दोन जीबीपर्यंत नेलं. पण जुन्या मशीनवर वरचेवर अपग्रेड करत आलेल्यांचं पार्टिशन पहिल्या दिवशी होतं तेवढंच राहिलं.

असं मशीन दुकानाच्या टेबलावर कसं येतं ते पाहण्यासारखं आहे. क्लास चालवणाऱ्या एका मॅडमचा लॅपटॉप. तक्रार अशी की अपडेट होत नाही, प्रिंटरचा ड्रायव्हर बसत नाही, काहीच बसत नाही. दुकानदार म्हणतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ मॅडम म्हणतात, ‘अहो दादा, वर्षभराचे मार्क आहेत त्यात, फॉरमॅट नको.’ टर्मिनल उघडून डिस्कचा हिशोब विचारला तर घरची डिस्क निम्मी रिकामी, आणि बूट शंभर टक्के भरलेलं. आत सहा कर्नल. सगळ्यांत नव्याचा व्हीएमलिनझ आहे, पण इनिटआरडी नाही, कारण ती लिहिता लिहिताच जागा संपली. पॅकेज मॅनेजर हे अर्धवट काम पुरं होईपर्यंत दुसरं काहीही बसवायला तयार नाही. ते पुरं करायची आज्ञा दिली तर ती आधी तीच इनिटआरडी लिहायला जाते आणि जागा नाही म्हणून परत येते. प्रिंटरचा यात काडीचाही दोष नाही.

वाट अशी निघते. आधी ‘यूनेम’ आज्ञेने चालू कर्नलचा आकडा विचारायचा आणि कागदावर लिहून घ्यायचा. त्याला हात लावायचा नाही. मग पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या ‘डीपीकेजी’ या आज्ञेकडून बसलेल्या कर्नल-इमेजची यादी घ्यायची. यादीत काही ओळींच्या आधी ‘आरसी’ अशी अक्षरं असतात आणि ती पाहून लोक घाबरतात; पॅकेज कधीच गेलेलं आहे, फक्त त्याच्या सेटिंगच्या फाइली मागे राहिल्यात, एवढाच त्यांचा अर्थ. सगळ्यांत जुन्या एक-दोन कर्नलांची इमेज आणि मोड्यूल्स-एक्स्ट्रा ही जोडी एकत्रच, थेट डीपीकेजीच्या ‘पर्ज’ने काढायची. डीपीकेजीच्या वर चालणाऱ्या एपीटीकडे जायचं नाही, कारण तो आधी अडकलेलं काम पुढे करतो. शे-दीडशे एमबी मोकळे झाले की अर्धवट काम पुरं करायची आज्ञा लागू पडते. मग ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ला ‘पर्ज’ जोडून उरलेलं झाडून घ्यायचं. चहा येईपर्यंत मशीन ताळ्यावर येतं, मार्क जागेवर असतात, आणि प्रिंटर बसतो.

बूट फोल्डरात शिरून फाइली हाताने उडवायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो वाईट आहे. फाइल जाते, पण पॅकेज मॅनेजरच्या वहीत कर्नल बसलेलाच राहतो, आणि ड्रायव्हरांचे काहीशे एमबी ‘लिब’मध्ये तसेच पडून राहतात. डीपीकेजीलाही हलायला जागा उरली नाही, तेवढ्या एका वेळी चालू नसलेल्या सगळ्यांत जुन्या कर्नलची इनिटआरडी उडवणं माफ आहे, आणि तेही लगेच मागोमाग पॅकेज काढणार असाल तर.

सॉफ्टवेअरांची गोष्ट थोडक्यात. एकेकाळी उबुंटू ट्वीक लोकप्रिय होतं. त्याचं काम थांबलं, ते विसरावं. बायोबूसोबत येणारी ‘पर्ज-ओल्ड-कर्नल्स’ ही स्क्रिप्ट चांगली होती. आता एपीटी तेच काम स्वतः करतो. सिनॅप्टिक अजूनही भरवशाचं आहे, फक्त काय निवडतोय ते वाचायची सवय हवी. ग्रब कस्टमायझर दिसायला सोपं, म्हणून मुलांचं आवडतं. पण ते पाटीवरचं काम करतं. ओळी लपवतं, क्रम बदलतं आणि त्यासाठी ग्रबच्या स्क्रिप्टांच्या जागी स्वतःच्या मध्यस्थ स्क्रिप्टा बसवतं. पुढे ग्रबच बदलला की गुंता कुणाचा, हे शोधण्यात वेळ जातो. मिंट वापरणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत लिनक्स कर्नल्सची खिडकी आहे. कोणता चालू, कोणता नुसता बसलेला, ते तिथे दिसतं आणि तिथूनच काढता येतं. सेटिंगमधल्या ऑटोमेशनच्या टॅबवर निरुपयोगी कर्नल आपोआप काढण्याची खूण आहे. दुकानातून मिंट टाकून देताना ही एक खूण करून दिली तर निम्मी गिऱ्हाइकं परत येणार नाहीत. कदाचित म्हणूनच केली जात नसावी.

ऑटोरिमूव्हवर लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला, आणि त्याला कारणही होतं. पूर्वी कोणते कर्नल राखायचे याची यादी कर्नल बसतानाच लिहून ठेवली जाई. नंतर तुम्ही वेगळाच कर्नल निवडून मशीन सुरू केलंत तर चालू असलेलाच काढायला निघण्याची शक्यता असे. २०२१ मध्ये एपीटीत बदल झाला आणि हा हिशोब आज्ञा देण्याच्या क्षणी होऊ लागला. चालू असलेला आणि नवे एक-दोन राहतात, बाकी जातात. एक पळवाट उरते. तुम्ही नाव घेऊन, हाताने बसवलेला कर्नल ‘मॅन्युअल’ म्हणून नोंदलेला असतो आणि ऑटोरिमूव्ह त्याला शिवत नाही. ‘सगळं केलं तरी हा एक जात नाही’ अशा तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

डेबियनच्या घराण्याबाहेर हा प्रश्न कधीच इतका चिघळला नाही. फेडोरात आणि रेड हॅटमध्ये ‘इन्स्टॉलओन्ली-लिमिट’ तीनवर असते. चौथा आला की सगळ्यांत जुना जातो, पण चालू असलेला कधी जात नाही. तिथे मेनूच्या तळाशी एक रेस्क्यूची ओळ असते, इन्स्टॉलच्या दिवशीच्या कर्नलची. ती वर्षानुवर्षं तशीच राहते. बिघडलेलं काही नसतं, तरी लोकांना ती खटकते. ओपनसूसेने तर नियमच शब्दांत मांडलाय: शेवटचा, त्याच्या आधीचा, आणि चालू असलेला. मला सगळ्यांत पटणारी मांडणी हीच. पॉप ओएस ग्रबऐवजी सिस्टिमडी-बूट वापरतं आणि चालू व मागचा एवढे दोनच दाखवतं. आर्चमध्ये नवा कर्नल जुन्याच्या डोक्यावरच बसतो, अडगळ शून्य. पण परतीची वाट हवी असेल तर दीर्घ मुदतीचा दुसरा कर्नल आपणहून बसवून ठेवावा लागतो. सी-डॅकचं बॉस लिनक्स डेबियनवरच बेतलेलं आहे, तेव्हा त्याला वर सांगितलेलं सगळं लागू.

मग ठेवायचे किती? दोन. वेगळ्या ड्रायव्हरवर चालणारं वाय-फाय किंवा ग्राफिक्स असेल तर तीन. पण आकड्यापेक्षा कोणते दोन हे महत्त्वाचं, आणि इथेच घरोघरी घोळ होतो. आपल्याकडे लॅपटॉप बंद कुणी करत नाही, झाकण लावतात. नवा कर्नल येऊन महिना झाला तरी मशीन जुन्यावरच चालत असतं, आणि ‘सगळ्यांत नवा’ म्हणून राखलेला कर्नल एकदाही सुरू झालेला नसतो. त्यामुळे आवराआवरीआधी मशीन रीस्टार्ट करावं आणि नव्या कर्नलवर चार दिवस काम करावं. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, झाकण लावून उघडल्यावर जागं होणं, हे सगळं पाहावं आणि मग जुने काढावेत. डिस्कवर शंभर जीबी मोकळे असतील आणि बूट वेगळं नसेल तर काढायची घाई करण्याचं कारणच नाही.

जागा वाचवायचा आणखी एक उपाय सांगितला जातो: इनिटआरडीत फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर भरायचे. फाइल लहान होते, हे खरं. पण कामोठ्यात बोर्ड गेलेल्या लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्यात लावणं रोजचं आहे, आणि अशी डिस्क नव्या मशीनवर उठेलच याची खात्री नसते. हा उपाय मी कुणाला सुचवत नाही.

कर्नलशी संबंध नसलेल्या पण त्याच खात्यावर मांडल्या जाणाऱ्या दोन तक्रारी आहेत. पहिली, ‘साफसफाई केली आणि विंडोज उडालं.’ विंडोज उडालेलं नसतं. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ मुळातच बंद ठेवलेला असतो, आणि अपडेट-ग्रब चालवल्यावर विंडोजची ओळ गळून पडू शकते. सेटिंगच्या फाइलीत तो चालू करून अपडेट-ग्रब पुन्हा चालवलं की ओळ परत येते. याच्या उलट तक्रार ऑगस्ट २०२४ मध्ये आली होती. विंडोजच्या एका अपडेटने जुन्या ग्रबना नाकारलं, आणि सिक्युअर बूट चालू असलेल्या कित्येक मशीनवर लिनक्सच उठेना. तिथे मेनू साफ करून काही होण्यासारखं नव्हतं.

दुसरी तक्रार इंजिनिअरिंगच्या मुलांची, सेमिस्टर संपल्यावर येणारी. प्रॅक्टिकलपुरतं उबुंटू टाकलेलं असतं. परीक्षा झाली की विंडोजमधून त्याचं पार्टिशन उडवतात आणि पुढच्या वेळी ‘ग्रब’ असं लिहिलेला काळा पडदा पाहत बसतात. कर्नल गेले, त्यांची यादीही गेली, पण यादी शोधणारा ग्रब ईएफआय पार्टिशनमध्ये जागच्या जागी आहे आणि फर्मवेअर अजून त्यालाच आधी हाक मारतंय. सेटअपमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणला की मशीन चालू होतं. नंतर ईएफआय पार्टिशनमधला उबुंटूचा फोल्डर काढायचा आणि मग फर्मवेअरमधली नोंद. क्रम उलटा केला तर काही लॅपटॉप तो फोल्डर पाहून पुसलेली नोंद पुन्हा उभी करतात.